केडगाव, पण कोणतं?

"गूगलवर सगळं सापडतं म्हणतात, मग मला हवं तेवढंच नेमकं का सापडत नाही?" हा प्रश्न संगणकाला नवखे असलेले आजोबा विचारतात आणि हातातून मोबाइल न सुटणारा त्यांचा नातूही विचारतो. उत्तरासाठी आपण एका गावाचं बोट धरू.

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीला नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं आहे. ती मोबाइलवर लिहिते, "केडगावला कसं जायचं". समोर रेल्वे स्थानकाचं नाव येतं, गाड्यांच्या वेळा येतात. ती खूश होऊन दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसते आणि केडगाव स्थानकावर उतरते. पाटी बरोबर, गाव बरोबर, फक्त देवी तिथे नाही! कारण हे केडगाव पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातलं. रेणुकामातेचं केडगाव नगर शहराला लागून, पुणे रस्त्यावर. मध्ये दौंड शहर आणि श्रीगोंदा तालुका अजून ओलांडायचा आहे.

यंत्र चुकलं का? नाही. त्याला "केडगाव" विचारलं, त्याने केडगाव दिलं. कोणतं केडगाव, हे सांगायचं राहिलं. ते कसं सांगायचं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

१. यंत्र जग शोधत नाही, सूची चाळतं

जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. "कांदा – ४१, ८७, १०३" असं लिहिलेलं दिसलं की आपण अख्खं पुस्तक न चाळता थेट त्या पानांवर जातो. शोधयंत्राचं काम असंच चालतं. त्याचे प्रोग्रॅम दिवसरात्र इंटरनेटवरची पानं वाचत फिरतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची प्रचंड सूची तयार ठेवतात. आपण शब्द टाकतो तेव्हा ही सूची चाळली जाते.

एक लहानसं उदाहरण घेऊ. इंटरनेटवर फक्त दहा पानं आहेत असं माना. "केडगाव" हा शब्द १, ४, ७ आणि ९ या पानांवर आहे. "रेणुकामाता" हा शब्द २, ४ आणि ९ वर आहे. दोन्ही शब्द टाकले की दोन्ही यादींत असलेली पानं उरतात: ४ आणि ९. शब्द वाढला की यादी आखडते. त्यानंतर यंत्र ठरवतं की ४ वर ठेवायचं की ९. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं, ते याच क्रम लावण्याच्या नव्या युक्तीवर. ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते पान वर.

आजची यंत्रं याहून हुशार आहेत. ती समानार्थी शब्दही धरतात आणि आपण कुठे उभे आहोत तेही पाहतात. पण मुळात सूची ती सूचीच. यातून एक सवय लावून घ्यावी, आणि या प्रकरणातलं बाकी काही विसरलात तरी ती विसरू नका. शोधताना आपल्या मनातला प्रश्न लिहायचा नाही. उत्तराच्या पानावर कोणते शब्द असतील, ते लिहायचे.

शेतकरी म्हणतो, "आज कांद्याला काय भाव निघाला?" बाजारभावाच्या पानावर मात्र "आवक", "क्विंटल", "सर्वसाधारण दर" असे शब्द असतात. नगरच्या केडगावाजवळच्या नेप्ती उपबाजारातला भाव हवा असेल, तर

नेप्ती कांदा आवक सर्वसाधारण दर

असं लिहिलेलं बरं. रस्ता मोठा होणार असं आपण म्हणतो, सरकारी कागद "चौपदरीकरण" म्हणतो. आधी त्या कागदाची भाषा आठवायची, मग बोट चालवायचं.

२. अवतरण चिन्हं: जसंच्या तसं

यंत्राची हुशारी कधीकधी अंगाशी येते. आपण एक शब्द टाकावा आणि त्याने त्याच्या जवळपासचे चार शब्द धरून आणावेत. ते नको असेल तर शब्द दुहेरी अवतरण चिन्हांत घालायचा. त्याचा अर्थ, "अक्षरशः हाच शब्द, याच क्रमाने."

रमाबाई असं नुसतं टाकलं, तर पंडिता रमाबाई येतील, रमाबाई रानडे येतील, रमाबाई आंबेडकरही येतील.

"पंडिता रमाबाई"

असं टाकलं की दोन शब्द एकमेकांना चिकटून असलेली पानंच उरतात. सुटी फुलं नकोत, सबंध हार हवा, असं सांगण्यासारखं आहे हे.

मराठीत मात्र इथे एक खड्डा आहे आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका तो दाखवत नाहीत. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठेही आलं तरी बदलत नाही, त्याच्या आगेमागे वेगळे शब्द येतात. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नावालाच चिकटतो. केडगावात, केडगावला, केडगावचा, केडगावातील, केडगावकरांनी. यंत्राच्या लेखी हे सगळे निरनिराळे शब्द. म्हणून "केडगाव" असं अवतरणात बांधून टाकलं, तर "केडगावातील पाणीपुरवठा विस्कळीत" ही बातमी हातातून निसटू शकते.

म्हणून नियम असा ठेवावा: व्यक्तीचं पूर्ण नाव, योजनेचं नाव, पुस्तकाचं नाव अवतरणात घाला. वाक्यात ज्याचं रूप पालटतं असा एकटा शब्द मोकळा सोडा.

३. 'किंवा': एका गावाची अनेक नावं

जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ मध्ये एक पुस्तक लिहून दाखवलं की "आणि", "किंवा", "नाही" या तीन साध्या शब्दांचं बीजगणित मांडता येतं. आज प्रत्येक संगणकाच्या पोटात ते बीजगणित चालतं. शोधपेटीत "आणि" लिहावं लागत नाही, दोन शब्द शेजारी ठेवले की "आणि" गृहीत असतं. "किंवा" मात्र सांगावं लागतं. त्यासाठी इंग्रजी ओ आणि आर ही दोन अक्षरं मोठ्या लिपीत, दोन्ही बाजूंना जागा सोडून लिहायची.

इथे एक खुलासा. या प्रकरणात अशा आज्ञा मी वाचायला सोप्या म्हणून देवनागरीत छापतो आहे. यंत्राला मात्र त्या रोमन अक्षरांतच कळतात. म्हणून पुढे जिथे ऑर दिसेल तिथे तुम्ही ओ-आर टाइप करायचं.

आता नगरचंच पाहा. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेलं हे शहर शतकानुशतकं अहमदनगर म्हणून कागदोपत्री राहिलं. २०२४ मध्ये शासनाने जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर केलं, याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ. आणि इथली माणसं पूर्वीपासून नुसतं "नगर" म्हणतात. म्हणजे जुनी पानं एका नावाने, नवी दुसऱ्या, बोलणं तिसऱ्या. एकच नाव टाकलंत की इतर नावांची पानं मागे पडण्याचा धोका. त्यावर उपाय:

केडगाव अहमदनगर ऑर अहिल्यानगर

छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या वाचकांनी हीच युक्ती औरंगाबाद आणि उस्मानाबादसाठी वापरावी. नुसतं "नगर" मात्र टाकू नका. राज्यातली प्रत्येक वसाहत कुठलं ना कुठलं नगर असते!

नावं फक्त सरकार बदलत नाही, शुद्धलेखनही बदलतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळून पडले. त्याआधीच्या छपाईत "केडगांव" दिसेल, नंतरच्या "केडगाव". आधी "मुक्ति", नंतर "मुक्ती". जुनं काही शोधत असाल तर:

केडगाव ऑर केडगांव

इंग्रजी कागद शोधतानाही हेच भान लागतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नगर जिल्ह्यावरचा सतरावा खंड १८८४ मध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर "अहमद"मधल्या "म"नंतर इंग्रजी ए आहे. आपण सवयीने तिथे ई लिहितो. एका अक्षराच्या फरकाने एवढा मोठा ग्रंथ मागच्या बाकावर जाऊन बसतो.

४. वजाबाकी, पण जपून

नको असलेला शब्द गाळायचा असेल तर त्याच्या आधी वजाचं चिन्ह द्यायचं. चिन्हाच्या आधी जागा, नंतर नाही:

केडगाव -दौंड

अर्थ, "केडगाव असलेली पानं दे, पण ज्यावर दौंड हा शब्द आहे ती वगळ." आपल्या दोन केडगावांसाठी ही नामी युक्ती वाटते ना? थांबा. नगरहून जाणारा रेल्वेमार्ग दौंड–मनमाड म्हणून ओळखला जातो. नगर–दौंड रस्ता आहे. नगरच्या केडगावाबद्दलच्या बातमीतही दौंड हा शब्द सहज येऊ शकतो. असं प्रत्येक पान आपण वजाबाकीत फेकून दिलं आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. गोणीतला जोड कांदा बाजूला काढताना माणूस एकेक कांदा बघतो. वजाचं चिन्ह एकेक बघत नाही, जोड कांदा दिसला की गोणीच फेकतं.

म्हणून शक्यतो गाळण्यापेक्षा भर घाला. आपल्या केडगावच्या पानावर असेल आणि दुसऱ्या केडगावच्या पानावर नसेल, असा शब्द शोधा. रेणुकामाता, नेप्ती, महापालिका हे असे शब्द आहेत. सगळ्यांत सरस शब्द तर शब्दच नाही, तो आकडा आहे: पिन कोड. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सुरू झाला. वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावं आणि पाकिटांवर दहा लिपी, यांतून टपाल वाट कशी काढणार, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तोच प्रश्न आज शोधयंत्रापुढे आहे, म्हणून तोच आकडा कामी येतो. नगरच्या केडगावचा पिन ४१४००५, दौंडच्या केडगावचा ४१२२०३. पहिला ४ दोन्हींत सारखा, कारण महाराष्ट्र टपालाच्या चौथ्या विभागात येतो. तिसऱ्या अंकाला वाटा फुटतात. केडगावातलं दुकान, दवाखाना, शाळा शोधताना

केडगाव ४१४००५

असं टाकून बघा. पिन मात्र इंग्रजी अंकांत लिहा, पत्ते बहुधा तसेच लिहिलेले असतात.

आणखी एक बारकावा. "नगर-दौंड" अशी मध्ये जागा न सोडता लिहिलेली जोडरेघ वजाबाकी नसते. वजाबाकी व्हायला चिन्हाआधी मोकळी जागा हवीच.

५. कुठल्या घरात शोधायचं

आतापर्यंत आपण काय शोधायचं ते सांगितलं. आता कुठे, ते सांगू. साइट ही आज्ञा एस-आय-टी-ई अशी लिहायची, लगेच दोन टिंबं, आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता:

शिष्यवृत्ती साइट:गव्ह.इन

गव्ह.इन म्हणजे जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन. हे शेपूट केवळ सरकारी संस्थांनाच मिळतं. त्यामुळे ही चाळणी लावली की "येथे फॉर्म भरा, फक्त दोनशे रुपये" म्हणणारी तोतया पानं आपोआप खाली गळतात. योजना, भरती, परीक्षा यांची माहिती शोधणाऱ्याने बाकी काही नाही तरी एवढी एक आज्ञा पाठ करावी. फक्त राज्य सरकारचंच हवं असेल तर गव्ह.इनच्या आधी महाराष्ट्र आणि एक टिंब जोडा.

इथे मराठी कळफलकाची एक गंमत आहे. मराठी टाइप करता करता दोन टिंबं हवीत म्हणून आपण विसर्ग उमटवतो. "दुःख"मधला विसर्ग आणि ही दोन टिंबं डोळ्यांना जुळी भावंडं दिसतात, यंत्राला नाही. विसर्ग दिलात तर ते आज्ञा म्हणून ओळखणारच नाही, "साइट" हा शब्द शोधत बसेल. म्हणून आज्ञेपुरता कळफलक इंग्रजीवर आणा आणि मग मराठीत परता.

साइटची सख्खी बहीण फाइलटाइप. स्पेलिंग एफ-आय-एल-ई-टी-वाय-पी-ई. तिच्यापुढे पीडीएफ लिहिलं की फक्त पीडीएफ स्वरूपातले कागद मिळतात. शासन निर्णय, परिपत्रकं, निविदा, अहवाल बहुतेक याच स्वरूपात असतात:

"शासन निर्णय" कांदाचाळ फाइलटाइप:पीडीएफ साइट:गव्ह.इन

वाचून बघा, हे जवळजवळ मराठी वाक्यच आहे: कांदाचाळीबद्दलचा शासन निर्णय, पीडीएफमध्ये, सरकारी घरातला.

६. मथळा आणि तारीख

पानाच्या कोपऱ्यात कुठेतरी केडगावचा उल्लेख असणं वेगळं आणि पान केडगावबद्दलच असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची पानं हवी असतील तर इनटायटल वापरा. ही आज्ञा आय-एन-टी-आय-टी-एल-ई अशी जोडून लिहायची, दोन टिंबं, मग शब्द. तो शब्द पानाच्या मथळ्यात असेल तरच पान मिळतं.

तारखेसाठी आफ्टर आणि बिफोर आहेत. पुढे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मध्ये जोडरेघा देऊन तारीख लिहायची. नाव बदलानंतरचीच पानं हवीत तर आफ्टर, त्याआधीची हवीत तर बिफोर. यात गृहीत एवढंच, की पानाची तारीख यंत्राने अचूक ओळखली आहे. कधीकधी ते फसतं, म्हणून महत्त्वाच्या कामात पान उघडून तारीख डोळ्यांनी बघावी.

जुन्या पुस्तकांत अजून काही आज्ञा वाचायला मिळतील. सक्तीच्या शब्दाआधी अधिकचं चिन्ह देण्याची सोय गूगलने २०११ मध्ये काढून टाकली. तिचं काम आता अवतरण चिन्हं करतात. पानाची साठवलेली प्रत दाखवणारी सोयही २०२४ मध्ये गेली. इतर शोधयंत्रांतही अवतरण, वजा, साइट आणि फाइलटाइप या आज्ञा साधारण अशाच चालतात. तेवढ्या हाताशी असल्या तरी रोजचं काम भागतं.

७. जिथे चाळणी पोचतच नाही

आता उलट बाजू. सूचीत जे नाही, ते कुठल्याही आज्ञेने मिळत नाही.

पहिली गोष्ट, कुलूपबंद कपाटं. केडगावातल्या एखाद्या गटाचा सातबारा गूगलवर शोधून मिळणार नाही. तो महाभूलेख या सरकारी संकेतस्थळाच्या आत आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक भरल्याशिवाय ते पान तयारच होत नाही. जे पान तयारच नाही, ते सूचीत कुठून येणार? शासन निर्णयांचंही तसंच. शोधयंत्राने दिला नाही तर शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जाऊन विभाग आणि तारीख निवडून शोधावा. शोधयंत्राने दार दाखवायचं, आत आपणच जायचं.

दुसरी गोष्ट, जुने फाँट. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर शिवाजी, श्री-लिपी, सुरेख अशा फाँटांत बसवला जाई. कागदावर ते सुंदर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. अशा पीडीएफमध्ये "केडगाव" डोळ्यांना दिसतं, यंत्राला दिसत नाही.

तिसरी गोष्ट, छायाचित्रं. स्कॅन केलेलं पुस्तक म्हणजे पानांचे फोटो. त्यातली अक्षरं यंत्राने ओळखून ठेवली असतील तरच शोधता येतात आणि जुनी, झिजलेली मराठी छपाई ओळखताना काना-मात्रांच्या चुका होतात. इथे अवतरण चिन्हांचा हट्ट सोडून सुटे शब्द टाकावेत, एखादा तरी नीट ओळखला गेलेला असतो.

८. सगळं मिळून एक शोध

नगरच्या केडगावातली नववीतली एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. पंडिता रमाबाई केडगावात राहिल्या आणि १९२२ मध्ये तिथेच वारल्या, असं तिने कुठेतरी वाचलं. "आपल्या गावात!" म्हणून ती हरखली आणि प्रकल्पाला हाच विषय घेतला.

पहिला शोध:

रमाबाई केडगाव

ढीगभर पानं, त्यांत तीन निरनिराळ्या रमाबाई. ती अवतरण चिन्हं आणते:

"पंडिता रमाबाई" केडगाव

पानं कमी झाली आणि त्यांत "मुक्ती मिशन" हे नाव पुन्हा पुन्हा दिसू लागलं. चांगला शोधणारा पहिल्या फेरीत उत्तर शोधत नाही, पुढच्या फेरीसाठी शब्द वेचतो. जुनं लेखन लक्षात ठेवून तिसरी फेरी:

"पंडिता रमाबाई" "मुक्ती मिशन" ऑर "मुक्ति मिशन"

आता पट उलगडतो. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात, मग १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली आणि त्यांच्यासाठी केडगावात उभं राहिलेलं मुक्ती. एका पानाच्या तळाशी पत्ता आहे: केडगाव, जिल्हा पुणे, ४१२२०३. ती पिनकडे बघते. तिच्या घरी येणाऱ्या पाकिटांवर ४१४००५ असतं.

रमाबाईंचं केडगाव तिचं केडगाव नाही.

क्षणभर हिरमुसली असेल. पण प्रकल्प आता खरा झाला. "आमच्या गावातील पंडिता रमाबाई" या मथळ्यावर तिने काट मारली आणि खाली लिहिलं, "पंडिता रमाबाई आणि केडगाव (ता. दौंड, जि. पुणे)". मग शाळेच्या ब्लॉगसाठी रेणुकामातेच्या यात्रेवर लिहिताना तिने पहिल्याच ओळीत घातलं: केडगाव, अहिल्यानगर (अहमदनगर), ४१४००५.

शोधताना लागणारे सगळे शब्द कुणीतरी आधी लिहून ठेवलेले असावे लागतात. पुण्याची ती मुलगी पुढच्या नवरात्रात पुन्हा मोबाइल उघडेल, तेव्हा या एका ओळीमुळे ती योग्य गाडीत बसण्याची शक्यता आहे.